लोटनच्या मशीनला कंट्रोलर कोणता?

सुरतेच्या बमरोलीत आमच्या गल्लीत 'छंद' हा शब्द कोणी वापरत नाही. छंद असतात ते वेसूच्या फ्लॅटवाल्यांना. आमच्याकडे माणूस दोन तास एखाद्या गोष्टीत डोकं घालून बसला, की बघणारा पहिला प्रश्न विचारतो, "एमां कमाणी शुं?" यात मिळतं काय? गुजराती शेजारी गुजरातीत विचारतो, ओडिशाचा कारीगर हिंदीत, आमचा खान्देशी अहिराणीत. प्रश्न तोच. मी आयुष्यभर एम्ब्रॉयडरीची मशीनं दुरुस्त केली आणि आता एकसष्टाव्या वर्षी घराच्या पुढच्या खोलीत हौशी लोकांना लाकूड कोरायची छोटी सीएनसी मशीनं बांधून देतो. हौशी लोकांना. हे मुद्दाम दोनदा लिहितो, कारण संपादकांनी फोनवर मला "म्हणजे लघुउद्योग ना?" असं दोनदा विचारलं. नाही हो, हौसच. ज्यांना पटत नसेल त्यांनी पान उलटून सरळ राशिभविष्याकडे जावं.

नाव माझं शांताराम. स्वभाव नावाला शोभत नाही, हे एवढ्यात कळलंच असेल. वडील पारोळ्याकडून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले, मी इथेच वाढलो. आयटीआय केलं, पांडेसऱ्याच्या एका एम्ब्रॉयडरीच्या खात्यात लागलो. खातं म्हणजे कारखाना, सुरतेत तसंच म्हणतात. तिथली मशीनं म्हणजे रांगेत मांडलेली वीस डोकी, प्रत्येक डोक्याला सुया, आणि सगळ्यांच्या खाली साडीचं कापड ताणलेली एकच चौकट. सुया आपल्या जागी वरखाली होतात, चौकट मागेपुढे, डावीउजवीकडे सरकते आणि साडीवर मोर उमटतो. त्या चौकटीला किती सरक, कुठे वळ, कधी थांब हे सांगणारं जे कार्ड असतं, ते बिघडलं की मला बोलावत. लाकूड कोरणाऱ्या मशीनचंही तेच. सुईच्या जागी कापणारं पातं, साडीच्या जागी सागवानाची फळी. सांगणारा तोच. त्याला कंट्रोलर म्हणतात.

आता हौशी माणूस कंट्रोलर कसा निवडतो? चुकीचा निवडतो. दातांचे एक डॉक्टर माझ्याकडे आले, त्यांना रविवारी नावाच्या पाट्या कोरायच्या होत्या. मशीन तीन दिशांना हलणारं आणि त्यांनी आधीच घेऊन ठेवलेला कंट्रोलर सहा दिशांचा. म्हटलं, डॉक्टरसाहेब, उरलेल्या तीन दिशांना कोण जाणार आहे? "असू द्या, पुढे लागलं तर," म्हणाले. दोन खोल्यांच्या घराला चार जिने बांधावेत तसा प्रकार. बारडोलीच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक केमिस्ट याच्या अगदी उलट. ते जुना संगणक घेऊन आले आणि प्रिंटर लावायच्या जुन्या खोबणीतूनच मशीन चालवीन म्हणून हटून बसले. चाललंही. फक्त मधूनच संगणकाला स्वतःची काही कामं आठवत, तो क्षणभर मशीनला विसरे आणि गणपतीची सोंड तेवढ्यात सरळ जाई. अशा सरळ सोंडेचे चार गणपती त्यांनी नातेवाइकांना वाटले. कोणी तक्रार केली नाही म्हणतात.

खरी गोष्ट साधी आहे. या मशीनच्या मोटरी पावलं मोजत चालतात. कंट्रोलर म्हणतो दोनशे पावलं, मोटर दोनशे पावलं जाते. तळहाताएवढं स्वस्त बोर्डही हे करतं आणि चांगलं करतं. मशीन चालवणं कोणालाही जमतं. फरक दिसतो तो थांबायची वेळ येते तेव्हा. झाकण उघडलं, दोरा अडकला, कोणी ओरडलं, तर कंट्रोलरला ते कळतं का? आणि काहीच झालेलं नसताना तो उगाच घाबरून थांबतो का? दुकानदार हे सांगत नाही. गिऱ्हाईकही विचारत नाही. मी मात्र गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून हे अर्धा तास सांगतो, चहा पाजून सांगतो. हे शहाणपण मला कुठून आलं, ते आता सांगायचं आहे. ते सांगू नका, असं मला घरातून बजावण्यात आलं आहे. म्हणूनच सांगतो.

लोटन हा माझा मित्र. आमची दोघांची गावं शेजारी, खात्यात तो कारीगर, मी दुरुस्तीवाला. त्याचे वडील सुतार होते. दाराच्या चौकटीवर कपाशीच्या बोंडांची वेल कोरायचे. कमळं सगळेच कोरतात, कपाशी त्यांचीच. लोटन मशीनवर बारा तास उभा राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी फळकूट मांडीवर घेऊन छिन्नीनं तीच वेल कोरत बसायचा. विकायचा नाही. कोणाला द्यायचाही नाही. गल्लीत त्याला यावरून सगळे हसत.

मग त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. खात्यात गेली, चार नंबरच्या मशीनवर. त्यानंतर तो बरीच वर्षं एका प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या मिलच्या, फाटकावर वॉचमन होता. छिन्नी सुटली. त्या हाताला उरलेला अंगठा आणि करंगळी यांच्यात बिडी राहते, छिन्नी राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी तो माझ्या पुढच्या खोलीत आला. दाताच्या डॉक्टरांची पाटी मशीनवर कोरली जात होती. तो दारात उभा राहून शेवटच्या अक्षरापर्यंत बघत राहिला.

"शांताभो, मले असं एक मशीन बनाई दे," तो म्हणाला.

"काय करशी?"

"मना बापनी वेल कोरसू. हात ऱ्हायना नही, पन डोकामा बठी वेल शे."

डोक्यात सगळी वेल आहे म्हणे. माझी बायको आतून म्हणाली, "आणि त्यात कमाई काय, लोटनभाऊ?" मी तिच्याकडे डोळे वटारले. लोटन मात्र शांतपणे म्हणाला, "काही नही, वहिनी. मना शौक शे."

मी त्याच वेळी ठरवलं, हे मशीन बांधायचं आणि या गल्लीच्या नाकावर टिच्चून बांधायचं. मिलच्या फाटकावर बसलेल्या माणसाला शौक असतो आणि तो पुरा करायचा त्याला हक्क आहे. पण खरं सांगायचं तर हे अर्धंच कारण होतं. दुसरं कारण लोटनला ठाऊक नाही, असं मी तेव्हा समजत होतो.

ते दुसरं कारण असं. एम्ब्रॉयडरीच्या मशीनच्या एका टोकाला पट्ट्याचं चाक असतं, त्यावर पत्र्याचं झाकण. झाकण उघडलं की त्याखालची बोटभर लांबीची एक पट्टी वर उचलली जाते आणि मशीन थांबतं. आत हात जाऊ नये म्हणून ही सोय. पण चार नंबरचं झाकण ढिलं होतं. शेजारच्या लूमच्या धक्क्यानं ते थरथरे, पट्टी जराशी उचलली जाई आणि मशीन काही कारण नसताना थांबे. एका पाळीत दहा-दहा वेळा. कारीगराची मजुरी टाक्यांवर, तेव्हा थांबलेलं मशीन म्हणजे त्याच्या पोटावर पाय. ते सगळे माझ्या मागे लागले होते, शांताभो, हिचं काहीतरी कर.

दसऱ्याला खात्यात पूजा होते. मशीनं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, कुंकू लावतात आणि प्रत्येक मशीनला पूजेचा लाल धागा बांधतात. त्या दसऱ्याला मी चार नंबरचा धागा पट्टीलाच बांधला. सात वेढे, पक्की गाठ. पट्टी खाली दाबलेली राहिली आणि मशीन थांबायचं बंद झालं. मालकांनी फिरता फिरता तो पाहिला. "वाह शांतारामभाई, मशीनने पण राखडी बांधी!" मशीनलाही राखी बांधली, म्हणाले आणि धाग्याला हात जोडले. मला हसू आवरेना. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. पट्टी दोरीनं बांधली असती तर सुपरवायझरनं चार दिवसांत कापली असती. पूजेचा धागा कापायला हात कोणाचा धजणार?

तो धागा होळीपर्यंत तिथे होता. मग एक दिवस चार नंबरचा कारीगर रजेवर गेला आणि लोटनला त्याच्या जागी उभं केलं. चाकात दोऱ्याचा गुंता झाला. रंग बदलायचा असला की ही मशीनं थोडा वेळ आपोआप उभी राहतात आणि आपोआप सुरू होतात. लोटननं झाकण उघडलं, मशीन उभं दिसलं. झाकण उघडलं म्हणून थांबलं, असं त्याला वाटलं. दुसरं काय वाटणार? त्यानं आत हात घातला.

त्याला रिक्षात घालून सगळे दवाखान्यात गेले. मी मागे राहिलो. मशीनपाशी कोणी नव्हतं. मी खिशातली कात्री काढून तो धागा कापला, मुठीत घेतला आणि संध्याकाळी पुलावरून तापीत टाकला, निर्माल्य टाकतात तसा. सुपरवायझरनं कागदावर लिहिलं, कारीगरनी भूल, म्हणजे कारीगराची चूक. त्या कागदाच्या वेळी मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बोललो नाही. आजवर घरात हा प्रसंग कधी सांगायची वेळ आलीच, तर मी "मालकांनी बांधायला लावलं" असं सांगत आलो. मालकांनी लावलं नव्हतं. मालकांना पट्टी माहीतही नसेल. ती हुशारी माझीच होती.

तर लोटनचं मशीन बांधायला घेतलं. लोखंडी चौकट, तीन मोटरी, वर पारदर्शक झाकण. झाकणाला पट्टी. झाकण उघडलं की मशीन थांबलंच पाहिजे, ही माझी पहिली अट. दुसरी म्हणजे एक मोठं लाल बटण, जे कंट्रोलरला विचारत बसणार नाही, सरळ वीज तोडेल. तेही डाव्या हाताशी. राहिला कंट्रोलर.

माझा मुलगा नितीन इच्छापोरला एका कंपनीत ऑटोमेशनचं काम करतो. त्याची मराठी निम्मी गुजराती आहे आणि मतं पूर्ण पक्की. तो म्हणाला, "पप्पा, साधा बोर्ड रेवा दो, नको तो. लोटनकाकांच्या बाजूला लूम चालतात. डब्यातला कंट्रोलर घ्या, चोवीस व्होल्टचे इनपुट असलेला. त्यात सेटिंग असतं, सिग्नल किती वेळ आला तर खरा मानायचा."

मी म्हटलं, "तुझ्या जन्माआधीपासून मी कार्डं दुरुस्त करतोय."

"एटले ज कहुं छुं," तो म्हणाला. म्हणूनच सांगतोय म्हणे.

मला राग आला आणि मी मुद्दाम स्टेशनजवळच्या गल्लीत जाऊन तळहाताएवढं बोर्ड आणलं. दुकानदार म्हणाला, "लई जाओ काका, बधा आ ज लई जाय छे." सगळे हेच नेतात. आयुष्यात मी सगळे करतात म्हणून काही केलं नाही, पण त्या दिवशी केलं, कारण पोराला हरवायचं होतं. डोक्यात एक हट्ट शिरला की बाकीची अक्कल बाहेर पायरीवर बसून राहते, हा माझा जुना आजार.

मशीन लोटनच्या घरी बसवलं. खोली आणि स्वयंपाकघर एवढंच घर, त्यात खोलीच्या कोपऱ्यात टेबलावर मशीन. कमलवहिनींनी, म्हणजे लोटनच्या बायकोनं, आपली कोठी उचलून स्वयंपाकघरात नेली. लोटन डाव्या हातानं कागदावर वेल काढायचा, मी ती संगणकात चढवून द्यायचो. पहिलं बोंड कोरून निघालं तेव्हा त्यानं ते नाकाला लावून वास घेतला. ताज्या सागाचा वास. वहिनी म्हणाल्या, "भुसा आतला घरमा उडना तं दोन्हीसले भाहेर काढसू."

तीन आठवडे मी गावाकडे लग्नात होतो. परतल्यावर सहज त्याच्याकडे गेलो. दुपारची वेळ, शेजारच्या खात्यातले लूम धडधडत होते. भिंत हलत होती, टेबल हलत होतं, झाकण थरथरत होतं आणि मशीन छान चाललं होतं. मला बरं वाटलं. मग मी खाली वाकून पाहिलं.

झाकणाच्या पट्टीला लाल धागा बांधलेला होता. पूजेचा. सात वेढे होते की नाही, मोजले नाहीत.

मी लाल बटणावर हात मारला. मशीन बंद झालं. मी ओरडलो, "हाई काय करं तू?"

लोटन दचकला. "अरे, घडी घडी थांबस ते. दिनमा धा डाव. एक पान कोराले दिन जास. मंग बांधी टाकं. देवघरमा धागाच पडेल व्हता."

मी त्याला काय काय बोललो, ते इथे लिहिता येणार नाही. एक हात गेला, आता दुसराही घालायचा आहे का, इथपर्यंत बोललो. तो ऐकत राहिला. बोलता बोलता मी खाली बसलो. कारण मी कोणावर ओरडतोय, हे माझ्या लक्षात आलं होतं. लोटननं काय चूक केली? मशीन खोटं खोटं थांबत होतं. बोर्डाला थरथरणं आणि उघडणं यातला फरक कळत नव्हता. असं बोर्ड मी आणलं होतं, पोराची जिरवायला. जे दर घटकेला उगाच थांबतं, त्याची पट्टी माणूस बांधणारच. तेव्हा खात्यात ती मी बांधली, आता त्यानं बांधली.

मी त्याला म्हटलं, चार नंबरवर धागा मी बांधला होता. पूजेसाठी नव्हे, पट्टी दाबायला. आणि तू दवाखान्यात असताना कापलाही मीच.

लूमचा आवाज चालूच होता. कमलवहिनी स्वयंपाकघराच्या दारात हातात कणीक घेऊन उभ्या होत्या. लोटन त्याच्या अंगठ्याकरंगळीनं झाकणाचा कोपरा चाचपत राहिला.

"मले माहीत शे," तो म्हणाला.

मला वाटलं, आवाजात मी नीट ऐकलं नाही.

"त्या दिन सकाय मी त्या धागाले हात लाईसन पाया पडनू व्हतू. नवं मशीन, म्हनीसन. आठ दिन मांगतीन डबा लेवाले खातामा उनू, तं धागा नही. पूजाना धागा कोन सोडस, शांताभो?"

सकाळी पाया पडला तेव्हा धागा होता, आठ दिवसांनी डबा न्यायला आला तेव्हा नव्हता, आणि खात्यातला दुरुस्तीवाला मी. पूजेचा धागा कोण सोडतो? एवढ्यावरून त्यानं ओळखलं होतं. त्या दिवसापासून ओळखलं होतं. माझ्या मुलाच्या बारशाला आला, माझे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला आला, दर संक्रांतीला तीळगूळ घेऊन आला, आणि हे सगळं त्याला ठाऊक होतं.

"मंग तू इतला वरीस बोलना का नही?"

"तू बोलशी म्हनीसन वाट देखी," लोटन म्हणाला. "भलता टाइम लाया." फार वेळ लावलास, म्हणे.

वहिनी आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला नाही. पुढे महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं बरोबर होतं. लोटननं माफ केलं असेल तर तो त्याचा स्वभाव, पण त्या हातामुळे त्याला बारीक घास करून भरवायचं काम वहिनींनी केलं होतं. सहा महिने केलं होतं. मी दारावरून जाताना त्या तोंड फिरवायच्या आणि मी मान खाली घालून जायचो. आयुष्यात मी कोणापुढे मान खाली घातलेली नाही. तिथे घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते बोर्ड काढलं आणि नितीनच्या पुढे ठेवलं. पोरगा बरोबर होता, हे लिहिताना अजूनही माझी दाढ दुखते. त्यानं फुशारकी मारली नाही, याचा तर जास्तच राग आला. आम्ही दोघांनी मिळून डब्यातला कंट्रोलर आणला. लाकूड कापणाऱ्या मोटरची वायर एका बाजूनं नेली, पट्टीची वायर जाळीच्या वेष्टणातून दुसऱ्या बाजूनं. मग मी लोटनला खुर्चीवर बसवलं आणि शेजारचे लूम पूर्ण जोरात सुरू होईपर्यंत वाट पाहिली. झाकण थरथरू लागलं. नितीन लॅपटॉपवर आकडा बदलत होता. एवढा वेळ पट्टी उचललेली राहिली तरच खरं मान, त्याहून कमी असेल तर दुर्लक्ष कर. सुरुवातीला मशीन थांबलं. आकडा थोडा वाढवला. पुन्हा थांबलं. आणखी थोडा. मग थरथर चालू राहिली आणि पातंही चालू राहिलं. आता खरी परीक्षा. लोटननं झाकण जेमतेम बोटभर उचललं. मशीन जागच्या जागी थांबलं.

त्यानं ते झाकण वीसेक वेळा तरी उचललं असेल. बंद करायचा, सुरू करायचा, चालू द्यायचा, पुन्हा उचलायचा. प्रत्येक वेळी थांबलं. एकदाही खोटं थांबलं नाही, एकदाही थांबायचं चुकलं नाही. मग तो म्हणाला, "आते बांधानी गरज नही." आता बांधायची गरज नाही. कंट्रोलर निवडण्याबद्दल मला जे काही कळलं आहे, ते लोटनच्या या वाक्यात आहे. याहून जास्त मला विचारू नका.

वेल पुरी व्हायला पावसाळा गेला. दाराच्या चौकटीचा वरचा पट्टा आणि दोन्ही बाजू. बोंडं काही मिटलेली, काही उमललेली, आणि एका ठिकाणी कापूस खाली लोंबतोय. तो लोंबता कापूस वडिलांनी कधी कोरला नव्हता, तो लोटनचा स्वतःचा. गल्लीतल्या लोकांनी येऊन पाहिलं. एकानं विचारलंच, "आवी बीजी बनावी आपशो? केटलामां?" अशी दुसरी करून द्याल का, कितीला? लोटन म्हणाला, "नही." एवढंच. मला इतका आनंद झाला की मी त्या माणसाला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला गेलो.

गेल्या दसऱ्याला त्यानं आम्हाला बोलावलं. मशीन पुसून ठेवलं होतं, वर झेंडूची माळ. कमलवहिनी माझ्याशी बोलत होत्या, पण मोजकं. त्यांनी कुंकू लावलं, नारळ फोडला, तबकातून लाल धागा उचलला आणि मशीनला बांधायला जागा शोधू लागल्या. चौकटीला बांधावा तर दोरा पुरेना, मोटरीला हात पोचेना. उघड्या झाकणाच्या कोपऱ्याशी ती बोटभर पट्टी अशी नेमकी वर आलेली होती, जणू धागा बांधायलाच ठेवली आहे. वहिनींनी तिकडे हात नेला.

"तठे नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. माझ्या बायकोच्या हातातली प्रसादाची वाटी सांडली.

वहिनी रागावल्या. त्यांनी आधी लोटनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पूजाना धागा शे. तठे नको तं कठे बांधू?"

मला वाटलं, लोटन स्वतःचा हात पुढे करील. त्यानं तो अर्धा हात उचलला, पण माझं मनगट धरून पुढे ओढलं.

"याना हातले बांध," तो म्हणाला.

वहिनी थांबल्या. याच हातानं काय केलं होतं, ते त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. मी हात मागे घेतला नाही. मग त्यांनी धागा बांधला. दोन वेढे, घट्ट गाठ, जरा जास्तच घट्ट.

आता पुढचा दसरा जवळ आला आहे. हा लेख नितीनला वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "पप्पा, आ बधुं छापवानुं नथी. लोक काय म्हणतील?" त्याला म्हटलं, लोक विचारतील, यात मिळालं काय. विचारू देत. सुपरवायझरच्या कागदावर कारीगराची चूक असं लिहिलेलं आहे, ते खोटं आहे. तो कागद कुठे पडला असेल ते देव जाणे, पण चूक माझी होती हेही कुठेतरी छापलेलं असलं पाहिजे. ते इथे छापलं.

मनगटावरचा धागा विटून पार मातीच्या रंगाचा झाला आहे. अंघोळीला भिजतो, कामात तेलकट होतो, बायकोला तो बघवत नाही. कापून टाका, म्हणते. मी नाही कापणार. पूजेचा धागा मी एकदा कापून पाहिला आहे.